मुळापासून आमचंच

महापे एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या गोदामामागे, 'जलसंकेत कंट्रोल्स' नावाच्या कंपनीचं दुमजली ऑफिस आहे. पाण्याच्या टाकीवर बसवायचं एक छोटं यंत्र ही कंपनी बनवते. टाकी भरली की यंत्राने पंप बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्याच यंत्राने हे काम बिनचूक केलं आणि तिथूनच कंपनीच्या अडचणी सुरू झाल्या.

यंत्राचा प्रोग्राम क्षिप्रा सबनीसने लिहिला होता. क्षिप्रा नेरुळला आईबरोबर राहायची. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होती, आणि काम वेळेत संपवायची वाईट सवय तिला कॉलेजपासून होती. यंत्रातली चिप नखाएवढी. तिच्यावर प्रोग्राम तयार करता येत नाही. तो ऑफिसातल्या मोठ्या संगणकावर तयार करून चिपमध्ये भरावा लागतो. त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा रूपात बदलणारं, क्रॉस-कंपायलर नावाचं साधन लागतं. ते राहतं मोठ्या संगणकात आणि बोलतं मात्र चिपच्या भाषेत. असं साधन तयार मिळतं, फुकट मिळतं आणि जगभरच्या लोकांनी वापरून पाहिलेलं असतं. क्षिप्राने ते एका दुपारी उतरवून घेतलं, प्रोग्राम बनवला आणि यंत्र घणसोलीला गोटीराम पाटलांच्या इमारतीच्या गच्चीवर बसवलं.

गोटीरामशेठ म्हणजे कंपनीचे मालक दिपेश पाटील यांचे वडील. त्यांच्या भातशेतीवर शहर उभं राहिलं आणि बदल्यात त्यांच्या वाट्याला चार मजले भाडेकरू आले. या भाडेकरूंच्या स्कूटरींवर टाकीचं पाणी रोज सकाळी धबधब्यासारखं कोसळायचं. यंत्र बसलं आणि धबधबा थांबला. गोटीरामशेठनी खूश होऊन क्षिप्राच्या घरी सुक्या बोंबलांची पिशवी पाठवली. सबनीसांच्या शाकाहारी घरात ती कुठे ठेवायची यावर दोन दिवस चर्चा झाली.

त्याच आठवड्यात दिपेश वाशीच्या एका प्रदर्शनात गेला. तिथे कॉलरला माइक लावलेल्या एका वक्त्याने सांगितलं, की जे मुळापासून तुमचं नाही ते तुमचं नाहीच. दिपेशला हे फार लागलं. परत आल्यावर त्याने क्षिप्राला विचारलं, की आपला कंपायलर आपला आहे ना? क्षिप्राने खरं ते सांगितलं. दिपेशने लगेच दोन निर्णय जाहीर केले. एक म्हणजे कंपायलर सोर्सपासून, त्याच्या मूळ मजकुरापासून, आपल्या हातांनी, आपल्याच ऑफिसात बांधायचा. दुसरा म्हणजे 'मुळापासून आमचंच' असं लिहिलेलं माहितीपत्रक लगेच छापायला टाकायचं. दुसऱ्या निर्णयाची अंमलबजावणी त्याच संध्याकाळी झाली.

क्षिप्रा म्हणाली, हेही होईल. असे कंपायलर बांधून देणारं एक साधन असतं. ते सोर्स उतरवतं, आपल्याला काही प्रश्न विचारतं आणि उत्तरांप्रमाणे कंपायलर बांधतं. प्रश्न पुष्कळ असतात, पण बहुतेकांची योग्य उत्तरं त्यात आधीच भरलेली असतात. आपण एंटर दाबत जायचं. एका संध्याकाळचं काम आहे.

दुर्दैवाने हे ती सुभाषराव वर्तकांसमोर बोलली.

सुभाषराव कंपनीचे जनरल मॅनेजर, कार्यपद्धती. ते एका मोठ्या नियोजन खात्यातून निवृत्त झाल्यावर दिपेशने त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. क्षिप्राने साधन सुरू केलं. निळ्या पडद्यावर मेनू उघडला, मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू. सुभाषरावांनी चष्मा पुसला. इतके रकाने त्यांनी आख्ख्या सेवेत एका ठिकाणी पाहिले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि पहिला हुकूम दिला, की एंटर दाबायचा नाही.

"तयार उत्तर म्हणजे दुसऱ्याचा निर्णय," ते म्हणाले. "तो आपण जसाच्या तसा घेतला, तर आपण इथे कशासाठी आहोत?"

मग प्रत्येक प्रश्न बैठकीपुढे ठेवायचा आणि तयार उत्तर शक्यतो टाळायचं, असं धोरण ठरलं. पहिल्या बैठकीत साधनाने विचारलं, की दशांशांचं गणित करणारा भाग चिपमध्ये आहे का? क्षिप्रा म्हणाली, नाही. सुभाषराव म्हणाले, एकदम नाही म्हणू नका, चर्चा होऊ द्या. चर्चा झाली. अकाउंट्सवाल्यांचं मत पडलं, की आजच्या काळात दशांश येत नाहीत असं ग्राहकाला सांगणं बरं दिसणार नाही. चिपमध्ये तो भाग आहे, असा ठराव बहुमताने मंजूर झाला. क्षिप्राचं म्हणणं विरोधी मत म्हणून नोंदवलं गेलं. चिपला बैठकीचं निमंत्रण नव्हतं.

दुसरा प्रश्न नावाचा होता. कंपायलरच्या नावात बनवणाऱ्याचं नाव घालायची एक जागा असते. नावाने कामात काही फरक पडत नाही, म्हणून साधनाने तिथे आपलं 'अननोन' लिहून ठेवलं होतं. दिपेशने ते वाचलं आणि वडिलांना फोन लावला. गोटीरामशेठ पांढरी टोपी घालून तासाभरात हजर झाले. अननोनचा अर्थ त्यांना सांगण्यात आला.

"मी अनोलखी?" गोटीरामशेठ शांतपणे म्हणाले. "आख्ख्या घनसोलीन माना कोन वलखत नाय, त्याला हितं आना."

तसा माणूस आणणं शक्य नसल्याने त्या जागी त्यांचंच नाव घालायचं ठरलं. पण साधनाला देवनागरी चालेना, नावात मोकळी जागा चालेना, मधे छोटी रेघही चालेना. शेवटी शेठचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि 'आणि सन्स' हे सगळं रोमन लिपीत एका दमात जोडून लिहिलं. ते मोठ्याने वाचताना सुभाषरावांना मधेच पाणी प्यावं लागलं.

तिसरा प्रश्न मात्र जड गेला. ऑफिसातल्या संगणकावर एकच खातं होतं, मुख्य अधिकाराचं, कारण दुय्यम खात्याने लॉगिन करणं सुभाषरावांना प्रशस्त वाटत नसे. साधनाने अशा खात्यातून काम करायला साफ नकार दिला. क्षिप्राने समजावलं, की मुख्य अधिकाऱ्याने स्वतः हात लावला आणि काही चुकलं, तर सगळंच मोडू शकतं, म्हणून ही काळजी. मुख्य अधिकाऱ्याने स्वतः काम करू नये हा नियम सुभाषरावांना अत्यंत परिपक्व वाटला. पण दुय्यम खातं उघडायलाही ते तयार होईनात. मग क्षिप्राने मेनूत शोधून मुख्य खात्याला परवानगी देणारी चौकट दाखवली. त्यावर टिक करताच खाली दुसरी चौकट उगवली, 'तुमची खात्री आहे का?'

सुभाषरावांनी हात मागे घेतला.

"मी सेवेत कधी खात्री दिलेली नाही," ते म्हणाले. "मी शिफारस केली आहे, अग्रेषित केलं आहे, अवलोकनार्थ सादर केलं आहे. खात्री हा वेगळा अधिकार आहे."

तो अधिकार कोणाचा हे ठरवायला खात्री समिती नेमण्यात आली. समितीत कोण असावं याची कुणालाच खात्री नव्हती, म्हणून सगळ्यांना घेतलं. यात पावसाळा गेला.

मधल्या काळात दिपेशने क्षिप्राला सहज विचारलं, की हा सोर्स घेऊन कंपायलर बांधणार कोण? क्षिप्रा म्हणाली, संगणकात आधीच असलेला कंपायलर. तो कुणाचा? तयार मिळालेला. म्हणजे आपला कंपायलर दुसऱ्याच्या कंपायलरच्या हातचा होणार होता. मग तोही आपणच बांधायचा. पण त्याला बांधायला पुन्हा एक कंपायलर लागणार, आणि त्याला आणखी एक. दिपेशने पांढऱ्या फळ्यावर एकाखाली एक चौकोन काढायला सुरुवात केली. फळा संपला तेव्हा तो भिंतीवर उतरला.

तोडगा सुभाषरावांनी काढला. परकं जे जे आहे ते संगणकातून पुसून टाकायचं आणि कोऱ्या संगणकावर कोरी सुरुवात करायची. क्षिप्राने हात जोडले. ती म्हणाली, कंपायलर पुसला तर हे बांधणारं साधनही सुरू होणार नाही, कारण ते सुद्धा आधी कंपायलरनेच तयार करावं लागतं. सुभाषराव म्हणाले, ते पुढच्या टप्प्यात बघू. शुक्रवारी नारळ वाढवून संगणक पुसण्यात आला. पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. कंपनीच्या इतिहासात प्रथमच त्या संगणकात दुसऱ्याचं काहीही उरलं नव्हतं. क्षिप्राला हसू फुटलं. ते आवरेना, म्हणून ती प्रसाद तोंडात कोंबून बाल्कनीत गेली आणि रेलिंगला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सगळ्यांना वाटलं, पोरगी भारावली.

धोरण लागू झाल्यावर घणसोलीचं यंत्र तरी कसं राहणार? त्यातला प्रोग्राम परक्या कंपायलरने बनवलेला होता. सोमवारी ते उतरवण्यात आलं. मंगळवारी सकाळी स्कूटरींवर धबधबा सुरू झाला आणि बँकेत नोकरीला असलेल्या एका भाडेकरूचं जॅकेट भिजलं, डबा आणि हेल्मेट पाण्याने भरलं. गोटीरामशेठनी क्षिप्राला फोन केला. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "टाकी हाय, पंप हाय, पानी हाय. मंग तुमचं अरलंय कुठं, बाय?"

हा प्रश्न क्षिप्राला बैठकीत कुणी विचारला नव्हता. तिने त्या संध्याकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर ते साधन उतरवलं, चिप कुठली ते सांगितलं आणि बाकी प्रत्येक प्रश्नाला एंटर दाबला. आईबरोबर जेवण होईपर्यंत कंपायलर तयार झाला, मुळापासून, सोर्सपासून. उतरवलेलं यंत्र आणि प्रोग्रामची प्रत तिच्याजवळ होतीच; प्रोग्राम नव्याने बनवून तिने चिपमध्ये भरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी तिने यंत्र परत बसवलं. टाकी भरली, पंप बंद झाला. गोटीरामशेठनी आनंदाने मुलाला फोन करून सांगितलं आणि दुपारी क्षिप्राची चौकशी लागली.

"या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कोणी दिली?" सुभाषरावांनी विचारलं.

"कोणीच नाही, सर. ती आधीच दिलेली होती."

"म्हणजे निर्णय न घेता काम झालं."

"हो, सर."

सुभाषराव खिन्नपणे दिपेशकडे वळले. अशाने कंपनी कशी चालेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. चौकशी पूर्ण होईपर्यंत यंत्र पुन्हा उतरवायचं ठरलं. पण शेठच्या स्कूटरवाल्यांचं काय? तोवर टाकीकडे कुणीतरी बघायला हवं, आणि टाकीची तांत्रिक माहिती कंपनीत सर्वांत जास्त क्षिप्राला होती. तिची नेमणूक गच्चीवर झाली.

क्षिप्रा घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन गच्चीवर बसू लागली. टाकी भरली की ती कठड्यावरून ओरडायची, "भरली!" आणि खाली वॉचमन पंप बंद करायचा. पहिले दोन दिवस ती राजीनामा लिहीत होती. तिसऱ्या दिवशी वाशीच्या एका मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरी, वैजयंती करंदीकर, यंत्र बघायला आल्या. यंत्र उतरवलेलं होतं, म्हणून दिपेशने त्यांना क्षिप्रा दाखवली. वैजयंतीबाईंनी अनुभवी माणसासारखे प्रश्न विचारले. हिला इंटरनेट लागतं का? नाही. लाइट गेली तर बंद पडते का? नाही. अ‍ॅप डाउनलोड करायचं, ओटीपी टाकायचा, असलं काही? काहीच नाही. आणि ही परदेशी बनावटीची तर नाही ना?

"मुळापासून आमचीच," दिपेश म्हणाला आणि त्याने माहितीपत्रक पुढे केलं. हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली. वाशीचं बघून सानपाड्याने मागवलं, सानपाड्याचं बघून ऐरोलीने. कंपनीने यंत्रं बनवणं थांबवलं आणि इंजिनिअर घेणं सुरू केलं. पदवी सक्तीची होती, कारण माहितीपत्रकावर 'अभियांत्रिकी तंत्रज्ञान' असे शब्द होते. कॉलेजांत मुलाखती झाल्या. गुणवत्ता यादीतली मुलं आधी बारा मजल्यांच्या वरच्या इमारतींना देण्यात आली. क्षिप्रा 'हेड, रूफटॉप ऑपरेशन्स' झाली, पगार वाढला, खुर्चीला गादी आली. तिने राजीनामा फाडला, कारण तोवर तिला या सगळ्याची भयंकर गंमत वाटू लागली होती. आई नातेवाइकांना सांगायची, क्षिप्रा आता कंपनीत सगळ्यात वर असते. खात्री समितीचं कामही जोरात चालू आहे. तिसरा प्रश्न या वर्षअखेर सुटेल, असं सुभाषरावांना वाटतं, मात्र तसं त्यांनी लिहून दिलेलं नाही.

सकाळी पाणी यायच्या वेळेला आता ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत गच्च्यांवर छत्र्या उघडतात. कुणी चिपसाठी प्रोग्राम लिहिणारा एम्बेडेडवाला, कुणी चिपच आखणारा व्हीएलएसआयवाला, एखादी एम.टेक. ते एकमेकांना हात करतात आणि एकामागून एक इमारत ओरडते, "भरली!"

तुमच्या सोसायटीतही गेल्या सर्वसाधारण सभेत हा विषय आला होता. तुम्ही उशिरा पोचलात, समोसा घेतलात आणि हात वर केलात. गेल्या रविवारी तुम्ही लिफ्टने गच्चीवर गेलात, बारावीतल्या मुलालाही बरोबर नेलंत. छत्रीखालच्या मुलीने टाकीचं झाकण लावून नमस्कार केला. तुम्ही तिला पाणी विचारलं नाहीत, ऊन लागतं का तेही विचारलं नाहीत. तुम्ही मुलाला पुढे ढकलून अगदी हळू आवाजात विचारलंत, या लाइनला जायचं तर कुठली ब्रँच घ्यावी लागते.