ट्रकचा आख

आख मोडला ती गोष्ट ब्याऐंशी सालच्या शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, पण पुंडलिकरावांचा राग वर्षभरानंतरही चुलीवरून नुकताच उतरवल्यासारखा होता. समुद्रपूरजवळच्या त्या पटात त्यांची कोश्या-बांड्याची बैलजोडी वाऱ्यासारखी सुटली आणि अर्ध्या वाटेवर छकडीच्या दोन चाकांमधला लाकडी आख कडकन मोडला. पुंडलिकराव धुळीत उताणे पडले. सुटलेलं चाक एकटंच पळत गेलं आणि नेमकं त्यांच्या व्याह्यांच्या, महादेवरावांच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

"व्याही, चाक तं पोचलं," महादेवराव पोट धरून हसले. "बैल कवा पाठवता?"

कुणी हसलेलं पुंडलिकरावांना खपत नसे, व्याह्यानं हसलेलं तर मुळीच नाही. धोतर झटकत ते दोनशे माणसांसमोर गरजले, "पुढच्या पटात माहा आख मोडला, तं हे जोडी तुमच्या दावनीले आनून बांधीन!"

माणूस रागात बोलून जातो, पण बोललेलं परत गिळता येत नाही. कोश्या-बांड्याला त्यांनी गोऱ्हे असल्यापासून वाढवलं होतं. पोरांशी बोलले नसतील तेवढे ते त्या दोघांशी बोलले होते. आता ही जोडी व्याह्याच्या गोठ्यात रवंथ करताना त्यांना दिवसाढवळ्या दिसू लागली आणि त्यांनी एकच ध्यास घेतला, मोडणार नाही असा आख.

गावचे सुतार अण्णाजी जाणते होते. "भाऊ, तिवसाच्या लाकडाचा बसवतो. हलका राह्यते. झटका बसला तं लवते, पन मोडत नाई."

"लवते? मले लवनारा नको! आज लवला तो उद्या मोडतेच."

"मंग लोखंडाचा बारीक..."

"बारीक कायले? तुले काय व्याह्यानं पैसे देल्ले का?"

अण्णाजींनी रंधा उचलला आणि आपलं काम सुरू केलं. पुंडलिकराव तावातावानं पुलगावला गेले. तिथल्या एका भंगारवाल्यानं त्यांना ट्रकचा मागचा आख दाखवला. मांडीएवढा जाड, काळाकुट्ट.

"इसपे दस टन माल जाता है, भाऊ."

"टूटेगा?"

"ट्रक टूटेगा, ये नहीं टूटेगा."

वर्षभरात पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. ते एस्टीत चढेपर्यंतच टिकलं.

"हे काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"आख."

"कशाचा?"

"ट्रकचा."

"मंग ट्रकमंदी न्या ना, बाप्पा! माह्या गाडीत काऊन कोंबून राह्यले?"

भांडत भांडत, तीन गाड्या बदलत आणि प्रत्येक कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आख गावात पोचला. अण्णाजींनी तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"भाऊ, हा चाकाच्या मधातल्या तुंब्यात जाईन कसा?"

"भोक मोठं कर!"

भोक मोठं केलं, तुंबा चिरला.

"चाकंच मोठी कर!"

चाकं मोठी केली, तर वरचा बसायचा साटा करकरायला लागला. साटा जाड केला, तर पुढच्या दांड्या काडीसारख्या दिसू लागल्या. दांड्याही जाड झाल्या. अण्णाजी दर वेळी काहीतरी सांगायला तोंड उघडत आणि पुंडलिकराव दर वेळी अंगावर धावून जात. दोन माणसांनी हातावर उचलावी अशी ती छकडी महिनाभरात फुगून माल वाहायची पुरती बंडी झाली. लीलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या त्या करामतीकडे बराच वेळ पाहिलं.

"अवो, हे पटाले नेता का हिंगनघाटले कापूस विकाले?"

"तू मधात बोलू नको!"

"मी नाई बोलत. पन बैलाले तरी एकदा विचारून पाहा."

बायकोचं बरोबर असलं की पुंडलिकरावांना जास्तच राग येई. सराव केला तर आख झिजेल, या धास्तीनं त्यांनी बंडी एकदाही पळवून पाहिली नाही.

पटाच्या दिवशी कोश्या-बांड्यानं ती बंडी रखडत रखडत मैदानावर आणली. लोक वाट देत होते आणि तोंड फिरवून हसत होते. महादेवराव तर आपली छकडी सोडून बघायला आले. पुंडलिकरावांनी दात आवळले, कासरा धरला आणि झेंडीकडे डोळे लावले.

झेंडी पडली. पळायचं एवढंच ठाऊक असलेली ती जोडी जीव खाऊन उसळली. आख मोडला नाही. चाकं, साटा, दांड्या, काही मोडलं नाही. जू दांड्यांना बांधणारा नाडा तेवढा जुना होता, तो तटकन तुटला. बैल जू घेऊन नजरेआड झाले आणि बंडी होती तिथंच राहिली. वर पुंडलिकराव, हातात कासऱ्याचा तुकडा.

"आख मोडला नाई!" ते बंडीवर उभे राहून ओरडले. "पाहून घ्या! मोडला नाई!"

"बंडीच हालली नाई, तं आख काय मोडते!" कुणीतरी म्हणालं आणि अख्खं मैदान खदखदून हसलं. जोडी वाचली होती, अब्रू गेली होती. पुंडलिकरावांच्या रागाचा भडका उडाला, पण आता शिव्या द्यायच्या तरी कुणाला? आखानं तर दिलेला शब्द पाळला होता.

महादेवरावांनी बैल धरून आणले. "घ्या जी, तुमची जोडी तुमालेच. अन् हे धूड मी बाजूले काढून देतो, नाई तं माहा नंबर येईन कवा?"

चारचौघांत मोठेपणा मिरवायची ही संधी ते कशाला सोडतात! त्यांनी आपली छकडी पुढे लावली, बंडीला साखळी अडकवली आणि बैलांना हाक दिली. पटाच्या वाटेवर हळू चालायचं असतं हे त्यांच्याही बैलांना कुणी शिकवलं नव्हतं. ते सुसाट उसळले. साखळी ताणली गेली, कडकन आवाज झाला आणि महादेवराव धुळीत उताणे पडले. त्यांच्या छकडीच्या आखाचे दोन तुकडे झाले होते.

लोक आता त्यांना हसू लागले. सगळ्यांत मोठ्यानं हसले पुंडलिकराव. महादेवराव उठले तेव्हा रागानं थरथरत होते. ते तडक बंडीखाली वाकले आणि ट्रकच्या आखावरून हात फिरवू लागले.

"इतका झटका बसला, पन वाकला बी नाई," ते दातओठ खात म्हणाले. "व्याही, हा आख कुठं भेटते?"

पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. तो लाल चेहरा, ते फुरफुरणारं नाक, ती आखाला चिकटलेली नजर. वर्षभर आरशात दिसलेला माणूस त्यांना आता समोर उभा दिसला. त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला.

"शोधत कायले फिरता?" ते मायेनं म्हणाले. "हाच न्या. मी काढून देतो."

"खरंच? तुमचा इतका जिवाचा आख?"

"व्याह्यापेक्षा आख मोठा हाय का? फकत एक वचन द्या. पुढच्या पटाले हाच लावून याल."

"वचन!" महादेवरावांनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "व्याही असावा तं असा!" ते डोळे पुसत भोवतालच्या लोकांना सांगू लागले.