घटाखालचा सेकंड गिअर

"रणगाड्याचे गिअरबॉक्स उघडल्यात मी! ही बाहुलीएवढी गाडी मला काय जड हाय?" हवालदार नानासो हे वाक्य गावात भेटेल त्याला ऐकवत होते. फौजेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी गिअरबॉक्स उघडले होते, हे अगदी खरं. ते बंद करणारा माणूस वेगळा असायचा, एवढंच ते सांगत नसत!

गाडी होती मात्र देखणी. तांबडीभडक, दोनच सीटची, विलायती, नानासोंच्या वयाला टेकलेली. पाचगणीच्या एका बंगल्यामागं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या, तिथनं त्यांनी ती टेम्पोत घालून आणली. बायको राजेश्वरी आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. पुढचं झाकण उघडलं, आत रिकामी डिकी. मागचं उघडलं, आत इंजिन!

"तोंड कुठं आन पाठ कुठं ह्येच जिला ठावं न्हाई," ती म्हणाली, "ती तुमाला कुठं नेणार?"

गाडीचं दुखणं एकच होतं. सेकंड गिअर टाकला की कढईत खडे परतल्यासारखा आवाज व्हायचा आणि गिअर बाहेर यायचा. गणपतीच्या जेवणाला राजेश्वरीचा भाऊ राजवर्धन शहरातल्या विश्रामबागेतनं आपली उंचच्या उंच गाडी घेऊन आला आणि तो आवाज ऐकून पोट धरून हसला.

"दाजी, हिच्यात तुळस लावा! आंगणात शोभंल!"

नानासोंचं टाळकं सणकलं. "आई अंबाबाईची आन घिऊन सांगतो! दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या येळी तुज्या बहिणीला हितंच शेजारी बसवीन, ह्याच गाडीनं गावची शीव वलांडीन, आन शिवंवर तुज्या हातात सोनं दीन. न्हाई जमलं तर गाडी तुजी! भंगारात घाल, न्हाईतर परत कोंबड्या पाळ!"

"ठरलं!" राजवर्धन म्हणाला. आणि त्यानं लगेच गाडीचे फोटो काढून एका भंगारवाल्याला पाठवलेसुद्धा!

दुसऱ्या दिवसापासनं नानासोंनी सोप्यात गिअरबॉक्स उघडला. परातीत चाकं, ताटात दांडे, मसाल्याच्या डब्यात स्क्रू. वरणाला रॉकेलचा वास येऊ लागला. तशात नवरात्र तोंडावर आलं. नवरात्राआधी आपल्याकडं घरातलं अंथरूण, पांघरूण, डबे, कोनाडे काही म्हणून धुतल्याशिवाय सुटत नाही. राजेश्वरीनं सोपा मोकळा करायला घेतला आणि सगळी चाकं उचलून पोत्यात भरली.

घट बसला त्या दिवशी नानासो चाकं परत जोडायला बसले. सगळं जमत आलं आणि सेकंड गिअरची पितळी कडी काही सापडेना! बांगडीएवढी, कडेला बारीक दाते असलेली. ती नसली तर सेकंड गिअर कुठला बसायला! त्यांनी पोतं झाडलं. माळा झाडला. कुत्र्याच्या तोंडात बोट घालून बघितलं. राजवर्धननंच कुणाला तरी फितवून चोरी केली, हे त्यांनी मनोमन पक्कं केलं. फक्त बायकोला विचारलं नाही. विचारलं असतं तर आपली वस्तू हरवली, हे कबूल करावं लागलं असतं ना!

तिसऱ्या माळेची आरती चालली होती. नानासो टाळ्या वाजवता वाजवता घटाकडं बघत होते आणि एकदम ओरडले, "सापडली!"

घटाच्या मातीत, कलशाखाली, चिंचेनं लख्ख घासलेली, हळदीकुंकू ल्यालेली त्यांची कडी बसली होती!

"कलश डुगडुगत हुता," राजेश्वरी म्हणाली. "परातीत ही पितळंची आडणी गावली, बसवली. काय बिघाडलं?"

"आगं, ती माजी सेकंड गिअरची कडी हाय! आण हिकडं!"

"हात लावू नका!" राजेश्वरी आडवीच आली. "एकदा बसलेला घट हलवत न्हाईत. दसऱ्याला उठंल, तवा घ्या."

"दसऱ्याला तर गाडी चालवायची हाय!"

"मग द्येवीला इचारा."

नानासोंनी देवीला विचारलं नाही, जॅक आणला. घट हलवायचा नाही ना? मग कलश जागेवर अलगद उचलायचा, कडी काढायची, खाली लाकडाची चकती सरकवायची! राजेश्वरी देवळात गेल्याचं बघून ते घटापुढं पालथे पडले आणि हात लांब करून जॅक सरकवू लागले. तेवढ्यात गल्लीतल्या बायका ओटी भरायला दारात!

"आगं बया! भावजी दंडवत घालत्यात!"

नानासोंनी घाईनं जॅक पोटाखाली लपवला. आता उठायची सोय नव्हती! बायकांनी त्यांच्याभोवती बसून देवीची पाच गाणी म्हटली. जॅकचं हँडल बरगडीत रुतत होतं, नानासो कण्हत होते, आणि त्यांना भक्तीचा उमाळा आलाय असं समजून बायका आणखी वरच्या पट्टीत गात होत्या. त्या दिवसापासनं देवभोळ्या नानासोंना बघायला घरात माणसांची रीघ लागली. घटाजवळ एकटं सापडणं संपलं!

खंडेनवमीला कळस झाला. हत्यारं पुजायचा दिवस! राजेश्वरीनं पाने, पक्कड, हातोडा, सगळं धुऊन, झेंडूच्या माळा घालून देव्हाऱ्यापुढं मांडलं. "उद्या सांजच्याला सोनं वाहिल्याबिगर ह्यातलं एक बी उचलायचं न्हाई!"

दसऱ्याला सकाळी घट उठला, कडी हातात आली, आणि हत्यार एक नाही! गावातली सगळीच पूजेत बसलेली. नानासो सोप्यात डोक्याला हात लावून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडी जायचं दुःख होतंच, पण राजवर्धन आयुष्यभर हसणार, याचं जास्त होतं.

राजेश्वरीनं ते दारातनं बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. प्रत्येक सुट्टीत हा माणूस "तुला फिरवून आणतो" म्हणाला होता आणि प्रत्येक सुट्टी संपली होती. ती चुलीकडं गेली आणि सांडशी, अडकित्ता, लाटणं घेऊन आली.

"ही काय हत्यारं न्हाईत," ती म्हणाली. "हाणा आता!"

सांडशीनं नट आवळले, लाटण्यानं चाकं ठोकली, गल्लीतल्या चौघांनी गिअरबॉक्स उचलून बसवला. दिवस कलताना राजेश्वरी जरीचं लुगडं नेसून गाडीत बसली. नानासोंनी टोपीत घटाचा तुरा खोवला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागं गेली!

दुसरा टाकला. आणखी जोरात मागं! सेकंड गिअर मात्र लोण्यासारखा बसला. घाईत आतलं एक मोठं चाक उजवीकडचं डावीकडं बसलं होतं. त्यामुळं सगळंच उलटं फिरत होतं. आता मागं जायला चार गिअर होते आणि पुढं यायला एक, रिव्हर्सचा, तोही मुंगीच्या चालीचा!

"पुढच्यानं गेलो तर शिवंवर पोचंस्तवर दिवाळी यील," नानासो रडकुंडीला आले.

"मग मागनं चला!"

आणि गाडी निघाली! नानासो मान पिळून मागं बघत होते, राजेश्वरी समोर बघून गावाला नमस्कार करत होती.

"आपुन कुठं चाललोय त्ये दिसंना," ती म्हणाली, "पर कुठनं आलो त्ये बेस दिसतंय!"

शिवेवर राजवर्धन भंगारवाल्याला घेऊनच उभा होता. गाडी शीव ओलांडून त्याच्या पायाशी येऊन थांबली. नानासोंनी आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली.

"ह्ये चालायचं न्हाई दाजी!" तो ओरडला. "गाडी उलटी आली!"

राजेश्वरी दार उघडून उतरली. मागचं झाकण उघडलं. "ह्ये काय हाय?"

"इंजिन."

"इंजिन जिकडं, तोंड तिकडं! सरळच आलीया. सोनं घे आन गप घरला जेवाय ये!"

भंगारवाल्यानंच आधी टाळ्या वाजवल्या. नानासोंची छाती फुगली. त्यांनी मोठ्या ऐटीत बायकोसाठी दार धरलं. "बसा, हवालदारीणबाई!"

"आता पुढच्या गिअरनं जाणार न्हवं?"

"व्हय की!"

"मग मी चालत जाते," राजेश्वरी म्हणाली. "पुरणाला उशीर हुईल."

ती घरी पोचली, पुरण शिजवलं, वाटलं, पोळ्या लाटायला लाटणं शोधायला लागली. ते गाडीत राहिलं होतं, आणि गाडी अजून अर्ध्या वाटेवर देवळापाशी होती!