पुंतालागचे खेकडे आणि घोलवडचे जावळ

श्रीमहालक्ष्मी प्रसन्न. समस्त वाचकवर्ग, अखंडसौभाग्यवती गृहस्वामिनी आणि मोबाइलचा डेटा संपत आलेले सज्जन यांचे सेवेशी विज्ञापना ऐसीजे: सन दोन हजार एकोणीस, चैत्रमासी, घोलवड मुक्कामी चिकूच्या वाडीत जे युद्ध जाहले, ते जैसे घडले तैसे, पदरचे मीठमसाला न घालता, येथे लिहिले असे.

तर फिलिपिन्स म्हणोन बेटांचा मुलूख आहे. तेथे बास्केटबॉलचे वेड ऐसे की नारळाचे झाडास लोखंडी कडे ठोकावे आणि चपला घालोन खेळावे. त्या मुलुखी पुंतालाग नामे बंदर. तेथील मातबर मंडळींनी मसलत केली आणि प्रांतोप्रांतीचे संघ जेथे झुंजतात त्या लीगमध्ये आपलीही पगारी फौज उतरविली, नाव ठेविले खेकडे. पहिले साली खेकड्यांनी शिकस्तीवर शिकस्त खादली. गणवेश आले ते आखूड आले, मैदानाचे छप्पर गळो लागले, आणि शत्रूच्या बेटास जावयाची बोट चुकली म्हणोन एक सामना न खेळताच गेला. मग दुसरे साली जुनजुन नामे सडपातळ जवान भरती जाहला आणि दैवाने कूस पालटली.

हे वर्तमान घोलवडास पोचावयाचे कारण ऐसे. राजश्री परेशराव मालवाहू जहाजाचे इंजिनखान्यात चाकरीस, आणि त्यांचे जोडीस नोनॉय, तो जुनजुनचा थोरला बंधू. परेशरावांनी घरी व्हिडिओ कॉल करावा आणि मागून नोनॉयने मुंडके घालोन "मम्मीजी, खेकडा जीत गया!" ऐसी आरोळी ठोकावी. परेशरावांच्या मातोश्री वसुमतीबाई प्रथम कपाळास आठ्या घालीत, मग गुण विचारो लागल्या, आणि मग फेसबुकवर सामना लागला की आमटीखालचा गॅस बंद करोन बसो लागल्या. जुनजुनास त्या 'आपला जुन्या' म्हणत.

त्यांच्या सूनबाई कीर्तीबाई, बी.कॉम., बाळराजांच्या मातोश्री. नजर घारीची. बाळराजांनी भुईवरची चिकूची बी उचलली की तोंडी जावयाच्या आत हस्तगत करीत, आणि झोपेतही त्यांचे कपाळ चाचपीत. बारसे आटोपोन परेशराव दर्यावर गेले ते अद्याप परतले नव्हते. इकडे वसुमतीबाईंचा हुकूम सुटला होता की जावळ वर्षाच्या आत, अक्षय तृतीयेसच निघेल, तसूभर फरक होणे नाही. कीर्तीबाईंची एकच आस, की जावळास बाप हजर असावा.

ऐशात जहाजावर तह ठरला. दोघे एके हुद्द्याचे, म्हणोन एका वेळी एकानेच सुटीस उतरावे. खेकडे उपांत्य झुंज मारोन अंतिम फेरीत गेले, तर भावाचा पराक्रम पाहावयास नोनॉयने जावे. हरले, तर परेशरावांनी. हे परेशरावांनी पत्नीस कळविले आणि ताकीद दिली, "आईला बोलू नकोस हां. उगाच डोळे लावून बसेल."

कीर्तीबाईंवर बाका प्रसंग गुदरला. झुंजीचे दिवशी सकाळीच सासूबाईंनी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा तपेल्यात पाण्यात ठेविले, खेकडे जिंकल्यावाचोन बाहेर काढणे नाही, आणि वर महालक्ष्मीस नारळ बोलल्या. सूनबाई तपेल्यासमोर उभ्या राहिल्या आणि मनी म्हणाल्या, देवा, खेकडे हरू देत. मग त्यांस लाज वाटली. मग म्हणाल्या, पण थोडक्यात हरू देत.

दुपारी साडेचारास रणधुमाळी सुरू जाहली. घरात नेटवर्क नाही, म्हणोन वाडीतील पंपघराचे पायरीवर मोर्चा लाविला. वसुमतीबाई खुर्चीवर, बाळराजे चटईवर निद्रिस्त, आणि कीर्तीबाई हातात फोन उंच धरोन निशाणाच्या काठीसारख्या उभ्या.

"ढकललं बघ मेल्याने! त्या शिट्टीवाल्याला दिसत नाही का गं? आणि तुझा हात का खाली येतोय सारखा? वर धर!"

"धरलाय हो आई."

खेकडे पडत, उठत, पुन्हा पडत, आणि शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा एका गुणाने मागे होते. तोच शत्रूने जुनजुनास पाडिले आणि त्यास दोन मोफत फेकी मिळाल्या, दर फेकीस एक गुण. इकडे बाळराजे जागे होऊन भोकाड पसरते जाहले. कीर्तीबाईंनी त्यांस कडेवर घेतले आणि पडद्याकडे पाहिले, तो जुनजुन चेंडू भुईवर आपटीत होता आणि गर्दीत एक म्हातारी तोंडाशी रुमाल धरोन उभी होती. तीच त्याची माता, नोनॉयने कॉलवर तिची तसबीर दाखविली होती. ती कड्याकडे पाहात नव्हती, मुलाकडे पाहात होती, आणि ऐसे पाहणे कीर्तीबाईंस पुरते ठाऊक होते.

पहिली फेक कड्यात पडली, बरोबरी जाहली. दुसरीस जुनजुनने चेंडू उचलिला, आणि चित्र थिजले. पडद्यावर चक्र फिरो लागले.

"कीर्ती! वर कर गं हात!"

कीर्तीबाई बाळराजांसकट पंपघराचे कठड्यावर चढल्या, टाचा उंचावल्या, आणि त्यांच्या मुखातोन आपोआप शब्द निघाले, "पड गं बाई, पड एकदाची!" चित्र आले तो खेकडे एकमेकांच्या अंगावर पडले होते आणि जुनजुन त्यांच्या तळाशी होता. एका गुणाने फत्ते.

वसुमतीबाईंनी टाळ्या पिटल्या आणि वळोन पाहतात तो सूनबाई रडत आहेत. मग तह उघड करणे भाग पडले.

"अगं, मग मला आधी नाही का सांगायचं? मी देव पाण्यात घातले ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही काढले असते."

"काढते कशाला? दुसऱ्या संघाच्या नावाने ठेवले असते!"

मग उभयता हसल्या. बाळराजांच्या डोळ्यांवर आलेली झुलपे वसुमतीबाईंनी बोटाने मागे सारली.

"मघाशी ओरडलीस ती तू?"

"हो."

"नवऱ्याचं येणं लांबेल हे माहीत असून?"

कीर्तीबाईंनी मान डोलविली. तेव्हा वसुमतीबाईंनी पंपघराचे पायरीवरोनच हुकूम जारी केला. "बाप येईल तोच मुहूर्त. तोवर कात्री लावायची नाही."

"पण वर्षाच्या आत म्हणत होता ना तुम्ही? शास्त्र?"

"शास्त्राचं मी बघते. तू पोराच्या केसांना रबर आण."

तिन्हीसांजेस परेशरावांचा फोन आला. मागे नोनॉय हर्षाने ढसढसा रडत होता. मातोश्रींनी पुत्रास फर्माविले, "त्याला आधी जाऊ दे. तू सावकाश ये, आमचं काही अडलेलं नाही."

येणेप्रमाणे पुंतालागच्या खेकड्यांनी उपांत्य गड घेतला, बाळकृष्ण व अन्नपूर्णा कोरडे होऊन देव्हाऱ्यात गेले, आणि महालक्ष्मीचा नारळ फुटला. पुढे अंतिम फेरीत खेकड्यांनी सपाटून मार खादला, परंतु ती हकिकत वसुमतीबाई हकिकतीत धरीत नाहीत. अक्षय तृतीया आली आणि गेली. ज्येष्ठात परेशराव डहाणू स्टेशनात उतरले, आणि त्यानंतरच्या रविवारी वाडीत पाट मांडोन मामाच्या मांडीवर बाळराजांचे जावळ निघाले, तेव्हा समोर खुळखुळा वाजवावयास बाप होता. न्हाव्याने पहिली बट कापली, बाळराजांनी आकाशपाताळ एक केले, आणि कीर्तीबाईंनी कितीएक महिन्यांत प्रथमच, पोर रडत असता, ते दुसऱ्या कोणाच्या हाती निश्चिंत राहू दिले. ही फत्ते त्यांची, आणि ती येथे शाबीत केली असे.