दत्ताभाऊंची ओहोटी

मिक्सर बिघडला की आमच्या आळीतल्या बायका आधी पंचांग बघत. कारण दत्ताभाऊंचं दुरुस्तीचं दुकान घड्याळावर नव्हे, ओहोटीवर चालायचं. अष्टमीला दुपारी बंद, अमावास्येला संध्याकाळी. भाट्याच्या खाडीचं पाणी ओसरू लागलं की भाऊ समोरच्या गिऱ्हाइकाला उठवून शटर ओढत.

"अहो, माझा मिक्सर!"

"मिक्सर थांबतो हो, ओहोटी थांबत नाही."

मग हाफपँट, टोपली आणि गुडघाभर चिखल. भाऊ मुळे काढायचे. पुण्याचे पाहुणे या मुळ्यांना शिंपले म्हणत आणि तेवढ्यावरून भाऊंच्या मनातून उतरत. भरलेली टोपली थेट वहिनींपुढे यायची. वहिनी विळीवर मुळे सोलत आणि भाऊंचा उद्धार करत.

"लग्न माझ्याशी केलंत की खाडीशी?"

"खाडीशी पत्रिका जमली नाही," भाऊ म्हणत.

गेल्या अमावास्येला संध्याकाळी पाच वाजता दुकान उघडं दिसलं आणि मी स्कूटरवरून पडायचाच बाकी राहिलो.

"भाऊ, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? हिचं बोट कापलंय विळीवर. आज मुळे आणलेत तर टोपलीसकट फेकीन म्हणाली."

"मग नुसते फिरून या."

"गेलो की हात राहायचे नाहीत रे. आणि आणले की ती शिव्या घालीत सोलायलाच बसणार. नकोच ते."

आणि ते पंख्याचा स्क्रू पिळू लागले.

मी बाजारातून परत येतो तो दुकानासमोर गर्दी. भाऊ स्टुलावर बसल्या बसल्या गेले होते. या माणसाला एक दिवस खाडी नेणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो कोरड्या पायांनी, दुकानात बसून गेला. मला अजून खरं वाटत नाही.

तेरावं झाल्यावर भेटायला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मी घालून पाडून बोलले," त्या म्हणाल्या. "रुसून दुकानात बसले आणि तसेच गेले."

रुसले नव्हते, हे फक्त मला ठाऊक होतं. भाऊ काय म्हणाले ते मी शब्दन् शब्द सांगितलं.

पट्टी निघालेलं ते बोट वहिनींनी उजेडात धरून पाहिलं.

"एवढंसंच तर कापलं होतं हो," त्या म्हणाल्या.