वामनरावांची खालची हवा

वामनराव पाहुण्याला आधी पाणी विचारत नाहीत. त्याचा हात धरून भिंतीतल्या भोकाशी नेतात आणि स्वतः डोळे मिटून उभे राहतात. भर उन्हाळ्यात भोकातून गार हवा येते. "खालची हवा आहे जी," ते सांगतात. "जमिनीले उन्हाळा ठाऊकच नाही."

सौंसरला ते माझे शेजारी. एकाच शाळेत आम्ही शिकवलं. ते भूगोल, मी गणित. निवृत्त झाल्यावर मी कूलर घेतला आणि त्यांनी परसात खोल चर खणून लांबलचक पाइप पुरला. बाहेरची हवा बारक्या पंख्यानं ओढली जाते, मातीखालून फिरते आणि गार होऊन बैठकीत येते. थंडीत तीच कोमट होते. आम्ही कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवून धुरात डोळे चोळत बसतो, तेव्हा हे गृहस्थ नुसत्या बनियनवर पेपर वाचत असतात.

वर व्याख्यान. "कूलर टाकीभर पाणी पेते, एसी घर गार करून गल्ली तापवते, शेगडी धूर सोडते. जमीन काय मांगते? काहीच नाही!" दूधवाल्यालाही हेच. माझ्या पुतण्यासाठी आम्ही पांढुर्ण्याला मुलगी पाहायला गेलो, तर यांनी मुलीच्या बापाला पहिला प्रश्न टाकला, "परसात मुरूम किती हातावर लागते जी?"

हेही मी सोसलं असतं. पण माझी आई जेवण झालं की रोज त्यांच्याकडे जाऊन झोपायला लागली. माझा सरळसरळ जळफळाट व्हायचा. घर माझं, कूलर माझा, आणि आई शेजाऱ्याच्या भोकापुढे घोरते! परत आली की वर मलाच ऐकवायची, "वामन मोठा गुणाचा हाय बावा. तुह्या कूलरनं आंग चिपचिप होते."

मग मीही इरेला पेटलो. वामनराव लोधीखेड्याला बहिणीकडे गेल्याची संधी साधून मी परसात पाइप पुरून घेतला. खणायला सांगितलं गुडघाभर. त्याहून खोल कशाला, असा माझा हिशेब. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडल्या आणि तिच्याबरोबर पाइपाचे सांधेही उकलले. पंखा लावला तर आधी गरम धूळ आली आणि मागून उंदीर. आईला हसता हसता ठसका लागला.

त्याच उन्हाळ्यात आईचा गुडघा धरला. तिला उंबरठा ओलांडवेना. चला, आता तरी आई दुपारची आपल्या घरी राहील, असं माझ्या मनात आलंच. पण कूलरच्या दमट हवेत तिचा डोळा लागेना. दुपारभर ती वामनरावांच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून पडून राही.

एका सकाळी परसात कुदळीचा आवाज आला. पाहतो तर वामनराव दोन मजूर घेऊन हजर.

"हे काय करून राहिले तुमी?"

"तुमी तर पाइप उन्हातच पुरला जी. मुरूम लागेपर्यंत खोदा लागते. माझ्याच पाइपाले फाटा देतो. भिंत वरच आहे, खाली जमीन एकच."

"मग तुमच्याकडची हवा कमी होईल न?"

"होऊ द्या." ते चरात पाहत राहिले. "आई येत होत्या म्हणून पंखा लावत होतो. माझ्या एकट्यासाठी काहून फिरवा?"

इतके दिवस मी त्यांच्या गारव्यावर जळत होतो, आणि आईशिवाय त्या बैठकीत रोज दुसरं कोणी येत नाही, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

काम झालं. आमच्या भिंतीतून गार हवा आली आणि आई शांत झोपली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वामनराव दारात येऊन घुटमळले.

"हवा बराबर येते का, पाह्याले रोज येत जाऊ का?"

आईनं मला भोकापुढच्या खुर्चीवरून उठवलं आणि त्यांना बसवलं. "वामन, आता बस इथंच," ती म्हणाली. माझा पुन्हा जळफळाट झाला. तसाच आत गेलो आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.