आमचं खातं वेगळं

ढवळे सरांच्या वर्गातला पंखा बंद असायचा. बिघडलेला नव्हता, बटण दाबलं की सुरळीत फिरायचा. पण ते बटण दाबायला मनाई होती. कळंबच्या एप्रिलात, डांबर चपलेला चिकटायला लागतं त्या दिवसांत, ढवळे सर बरोबर त्या पंख्याखाली उभे राहून, घामानं निथळत, लोकप्रशासन शिकवायचे. समोर बसलेल्यांच्या हातात शिंदीच्या पानांचे पंखे असायचे. ते सरांनी स्वतः बाजारातून आणले होते आणि प्रत्येकाच्या दांड्यावर लाल रंगात 'स्वयं.' असं लिहून ठेवलं होतं.

'स्वयं.' म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित. आमच्या महाविद्यालयात खाली आम्ही अनुदानित लोक बसतो. आमचा पगार सरकार देतं, त्यामुळे आम्ही पंख्याखाली बसून सरकारला नावं ठेवतो. वरच्या मजल्यावर मात्र लोकप्रशासनाचं एम.ए. चालायचं, ते पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या फीवर. त्याबद्दल विद्यापीठाचं एक परिपत्रक आहे. अशा अभ्यासक्रमाचा सगळा खर्च फीमधूनच भागवावा, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा आणि अनुदानित विभागावर कसलाही भार पडू देऊ नये. असली परिपत्रकं सगळीकडे येतात, फाइलला लागतात आणि लोक आपापल्या कामाला लागतात. आमचं दुर्दैव असं, की आमच्याकडे ते ढवळे सरांनी वाचलं. वाचलं तर वाचलं, खरंही मानलं.

तेव्हापासून सरांच्या तोंडी एकच वाक्य. "आमचं खातं वेगळं."

खडू त्यांचे वेगळे, खिशात ठेवलेले. पुसणं वेगळं, घरून आणलेलं. पाण्याचा माठ वेगळा, त्यावरही तो लाल शिक्का. एकदा भर पावसात मी त्यांना माझ्या छत्रीत या म्हटलं, तर भिजत उभे राहून म्हणाले, "नको मॅडम, आमचं खातं वेगळं." मी भूगोल शिकवते. ढग अनुदानित आहेत की स्वयंअर्थसहाय्यित, हे मला आमच्या अभ्यासक्रमात कुठे सापडलेलं नाही. तसं मी त्यांना म्हटलंही. ते हसले नाहीत. नियमाच्या बाबतीत ढवळे सर हसत नसत.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, ते मला आमच्या जुन्या हेडक्लार्कनं सांगितलं. सर नवीन लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममधल्या ट्रेमधला एक कप उचलला. तेव्हाचे उपप्राचार्य गमतीनं म्हणाले, "अहो ढवळे, हा अनुदानितांचा चहा आहे. तुमचं खातं वेगळं." सगळी स्टाफरूम हसली. सरांनीही हसून कप खाली ठेवला, आणि त्यानंतर आमच्या स्टाफरूममध्ये त्यांनी चहाला कधी हात लावला नाही. मी रुजू झाल्यापासून रोज विचारत आले, रोज तेच उत्तर. पुढे पुढे तर मी केवळ ते वाक्य ऐकायला विचारायची. उपप्राचार्य निवृत्त होऊन धाराशिवला बंगला बांधून राहिले. त्यांना तो विनोद आठवतही नसेल.

सर मूळचे परंड्याकडचे, सोनारीचे. भाऊ शेती बघतो. सरांनी लग्न केलं नाही, म्हणजे करायचं होतं, पण मुलीकडचे चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच विचारायचे, "अनुदानित का विनाअनुदानित?" सर खरं सांगायचे. खोटं सांगून संसाराला लागलेले दोघंतिघं आमच्याच स्टाफमध्ये आहेत, त्यांची नावं मी घेत नाही. "कायम झालो की बघू," असं म्हणत म्हणत सर पन्नाशीला आले. पुण्या-संभाजीनगरकडे बरी नोकरी बघून त्यांच्याबरोबरचे सगळे तासिकेवाले, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणारे, निघून गेले. सर एकटेच राहिले, समन्वयकही तेच आणि विभागही तेच.

मग एकदा विद्यापीठाची समिती आली.

समिती येणार म्हटलं की आमच्याकडे काय होतं, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. या कॉलेजची पुस्तकं त्या कॉलेजला जातात, त्या कॉलेजच्या खुर्च्या या कॉलेजला येतात. टेम्पो रात्रंदिवस पळत असतात. समितीच्या निमित्तानं आमच्या भागातली पुस्तकं जेवढी हिंडतात, तेवढी ती वाचकांच्या हातात हिंडली असती तर आमच्याकडे विद्वानांचं अमाप पीक आलं असतं. प्राचार्यांनी सरांच्या वर्गात खालच्या ग्रंथालयातली कपाटं चढवून ठेवली होती. सरांनी ती सकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून फिरवली.

समितीचे अध्यक्ष मोठे विद्वान आणि तेवढेच स्थूल. जिना चढून आले ते धापा टाकतच. प्राचार्यांनी लगबगीनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा दोन फेरे फिरला असेल नसेल, ढवळे सर उठले आणि बटण बंद करून आले.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"पंखा अनुदानित आहे, सर. आम्हाला याचा वारा घेता येत नाही. आपलंच परिपत्रक आहे."

"अहो, पण आम्ही विद्यापीठाचे!"

"खरंय सर. पण आत्ता बसलात आमच्याकडं," असं म्हणून सरांनी त्यांच्या हातात शिंदीचा पंखा दिला, लाल शिक्का वर येईल असा धरून.

प्राचार्यांचा चेहरा त्या वेळी भिंतीकडे फिरवलेल्या कपाटासारखा झाला होता. अध्यक्षांनी विचारलं, ग्रंथालय कुठे? सरांनी आपलं एकुलतं एक कपाट उघडून दाखवलं. विद्यार्थी किती? सरांनी समोर बोट केलं. समोर बसलेल्यांत त्यांची विद्यार्थिनी एकच होती, रेखा. बाकी पाचसहा जण प्राचार्यांनी खालच्या बी.ए.च्या वर्गातून आणून बसवले होते, ते सरांनी समितीसमोरच नावानिशी परत पाठवले.

शेरा यायचा तोच आला. पुरेशा सुविधा नाहीत, पुरेसे विद्यार्थी नाहीत, नवीन प्रवेश बंद करावेत. मात्र ज्यांनी प्रवेश घेतला आहे ते उत्तीर्ण होईपर्यंत अध्यापन सुरू ठेवावं.

म्हणजे हिशेब सोपा होता. रेखा पास होईपर्यंत लोकप्रशासन विभाग जिवंत, आणि विभाग जिवंत तोवर ढवळे सरांना काम. आम्हाला सरकार पगार द्यायचं, ढवळे सरांना रेखा द्यायची. तोही संस्थेनं आपला वाटा आधी कापून घेतल्यावर. त्या वाट्यात संस्था नक्की काय देते, हे सरांनी एकदा विचारलं होतं. सचिव म्हणाले, "नाव देतो की." कमानीवर ते नाव फार ठळक अक्षरांत आहे.

रेखा कळंब डेपोत कंडक्टर आहे. माहेर ढोकीचं, आईनं कारखान्याला ऊसतोड केलेली. रेखाला एम.ए. व्हायचं होतं ते बढतीसाठी नाही न् कशासाठी नाही. "दारावर पाटी लावायचीय म्याडम. नावाम्होरं एम.ए. लिवायचं. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाच्या दारावर न्हाय." तिचे सगळे पेपर सुटले होते, फक्त संशोधन पद्धतीचा राहिला होता. त्यात ती पुन्हा पुन्हा गचकत होती, आणि यंदा तो सुटलाच पाहिजे म्हणून सर तिचा रोज तास घेत होते.

मी सरांना एकदा बाजूला घेऊन म्हटलं, "सर, एवढी कशाला घाई करताय? राहू द्या की तिचा तो एक पेपर आणखी दोनतीन वर्षं. तिचं काही अडत नाही, तुमचं भागतं." सगळ्या स्टाफचं हेच मत होतं. हलक्या हातानं शिकवावं, एवढंच म्हणणं होतं आमचं. आम्ही स्वतः वर्षानुवर्षं तसंच शिकवत आलोय आणि पुरा पगार घेत आलोय.

सरांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मॅडम, ती माझी विद्यार्थिनी हाय. माझी पेन्शन न्हाय."

त्या हिवाळ्यात रेखाला दुपारची ढोकी गाडी मिळाली, नेमकी तासाच्या वेळेला. तास बुडायला लागले. सरांनी परिपत्रक काढलं, पुन्हा वाचलं आणि जाहीर केलं की त्यात अध्यापन सुरू ठेवा असं म्हटलंय, वर्गातच ठेवा असं कुठं म्हटलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तास एसटीत भरायला लागला.

यातलं काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण माझी बहीण ढोकीला दिलेली आहे. सर कंडक्टरच्या बाकाला लागून बसायचे, तिकीट काढून. रेखानं नको म्हटलं तर वाक्य तयार असायचं. गाडी डेपोतून निघाली की आधी हजेरी.

"रोल नंबर एक."

रेखाचे दोन्ही हात तिकिटात. तिनं सवयीनं डोक्यावरची दोरी ओढली, टण्ण. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"कोण उतरायचंय?"

"कुणी न्हाय वो, हजेरी चाललीय!"

त्या दिवशी नमुना निवड शिकवायची होती. सर म्हणाले, या गाडीतले सगळे प्रवासी म्हणजे आपली समष्टी. सगळ्यांना विचारायला वेळ नाही, म्हणून आपण दर पाचव्या माणसाला विचारणार. आणि उठून खरंच विचारायला लागले, की एसटीच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का. पाचवे निघाले एक फेटेवाले आजोबा, मांडीवर वैरणीचा विळा घेऊन बसलेले.

"मलाच का इचारता? म्या तिकीट काडलंय!"

"तिकिटाचं नाही हो बाबा. तुम्ही पाचवे आहात."

"पाचवा आसंल न्हायतर पंधरावा. ह्या बाप्याला इचारा की, त्यो मगापून नुस्ता झोपलाय."

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या बाई तणतणत उठल्या. "आन् आमाला का न्हाय इचारलं? बायामानसाला मत नसतं व्हय?"

"मावशी, तुम्ही सहाव्या आहात."

"आसू द्या सहावी! लई बोलायचंय मला, ही गाडी रोज उशिरा येतीय!"

सगळी गाडी भांडायला लागली. रेखा हसून हसून बाकावर बसली. मग एकदम उठून म्हणाली, "सर, म्हंजी आपल्याला वाटंल त्याला न्हाय इचारायचं. ठरलंय त्यालाच इचारायचं. न्हायतर जो लई आरडतो त्याचंच खरं वाटतं." सरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

रेखा पास झाली. चांगल्या गुणांनी झाली.

निकालाच्या दिवशी ढवळे सर पेढ्यांचा पुडा घेऊन स्टाफरूममध्ये आले. त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं, पण आम्ही त्यांचे पेढे घेतले. दोनदोन घेतले. प्राचार्य "अभिनंदन, अभिनंदन" म्हणाले आणि त्याच दमात वरच्या वर्गाची किल्ली मागून घेतली, तिथं फर्निचर ठेवायचं होतं. सरांनी शिंदीचे पंखे सुतळीनं बांधले, माठ काखोटीला मारला आणि निघाले. मी म्हटलं, "सर, रिक्षा करून देते." ते म्हणाले, "नको मॅडम." पुढचं वाक्य आलं नाही. मला वाटलं, माठाच्या ओझ्यानं दम लागला असेल.

महिनाभरानं बहिणीकडे जायला मी दुपारची ढोकी गाडी पकडली. कंडक्टरच्या बाकाला लागून ढवळे सर बसलेले.

"सर, इकडं कुठं?"

"काही नाही. या वेळेला तास असतो ना," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. हातात परिपत्रक नव्हतं, पुस्तक नव्हतं, काहीच नव्हतं.

रेखा तिकीट फाडताना माझ्या कानाशी वाकली. "रोज येत्यात, म्याडम. ढोकीपोतर तिकीट काडत्यात आन् ह्याच गाडीनं माघारी. म्या कायबी बोलत न्हाय. फकस्त गाडी सुटली की दोरी ओडते एकदा. डायवरला सांगून ठिवलंय, थांबवू नको म्हनून."

मला राग आला. संस्थेचा आला, परिपत्रकाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या धाराशिवच्या बंगल्यात बसलेल्या माणसाचा आला.

ढोकीच्या स्टँडवर गाडी थांबली. टपरीवाला खिडकीशी आला. मी दोन चहा घेतले आणि सवयीनं एक कप सरांपुढे धरला. कान मात्र त्या वाक्याकडे लागले होते.

सरांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कप हातात घेतला. दोन्ही हातांनी धरला, गार होईल की काय असा. एक घोट घेतला, मग दुसरा.

"अनुदानित चहा बराच गोड असतो की हो, मॅडम," ते म्हणाले.

मी खिडकीतून आणखी एक सांगितला.