साहेब उकिरड्यावर हायती

येशबा आप्पांनी मला वाचवलं, हे आधी लिहून ठेवतो. काय झालं ते मागून सांगतो, कारण सांगताना मी घाबरून भरकटतो आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच राहून जातं.

आप्पा पिंपरीचे. आमचा कंदिलांचा कारखाना उभा आहे ते पूर्वी त्यांचं रान. सरकारनं जमीन घेतली, मोबदला दिला, सगळं रीतसर झालं. फक्त आप्पांनी रानात जायचं थांबवलं नाही. सकाळचा भोंगा झाला की डोक्याला मुंडासं, हातात खराटा, स्वारी गेटात हजर. आतल्या जागांना त्यांची जुनीच नावं. पत्रा कापायचं मशीन म्हणजे गव्हाण, रंगखातं म्हणजे चिंचेचा तुकडा, गोदाम म्हणजे विहीर. मॅनेजरसाहेबांची खोली नेमकी उकिरड्याच्या जागेवर आलेली. कुणी बडा पाहुणा साहेबांना भेटायला आला की आप्पा अदबीनं सांगत, "साहेब उकिरड्यावर हायती. बसा, येत्याल."

नवा माणूस आठ दिवसांत हीच नावं बोलू लागे. मुंबईहून आलेला फोरमनसुद्धा "डबे विहिरीत नेऊन टाक" म्हणायचा. एक बिचारा गडी डबे घेऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत विहीर शोधत फिरला होता.

आप्पा पगार घेत नसत. झाडलोट करत, गेटातून शिरलेली गुरं हाकलत, आणि कुणी विचारो न विचारो, सांगत, "पगार म्हंजी चाकरी. आपलं काम हौसेचं. हुकूम बैलाला आसतो, मानसाला न्हाई."

बिनपगारी मीही होतो, पण हौस कसली? शाळा अर्धी टाकून उस्मानाबादकडून आलो होतो. आमच्यासारख्यांना कंपनी उमेदवार म्हणून ठेवी. काम शिका, जमलं तर पुढे बघू. कायद्याची भानगड नको म्हणून साहेबांनी एक रीत पाडली होती. रोज सकाळी आम्हाला गेटात ओळीनं उभं करून ते विचारत, "खुशीनं आलात ना?" आम्ही एका सुरात म्हणायचं, "खुशीनं." त्यामुळे कारखान्यात दोन जाती: पगारवाले आणि खुशीवाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा. हळू म्हटलं तर परत पाठवतील, ही धास्ती. झोपायला आप्पांची ओसरी होती, खायला त्यांच्याच हातची जाडजूड भाकरी. बदल्यात बैलाचं ते वाक्य ऐकून घ्यायचं.

एके सकाळी गव्हाणीनं माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे खाल्ले. साहेबांनी पट्टी बांधवली, चहा पाजला, आणि अगदी मायेनं म्हणाले की बरं वाटलं की गावी जा. तू खुशीनं आलेला, कामगार नव्हेस, तेव्हा कंपनीचा आणि तुझा संबंध नाही. भरपाईचं मला सुचलंही नव्हतं. मला दिसत होती ती दारात उभी असलेली आई, आणि पाठीमागे लपवलेला माझा हात.

पगारवाल्यांपैकी कुणीतरी तक्रार केली आणि पुण्याहून कामगार अधिकारी चौकशीला आले. चौकशी अर्थात उकिरड्यावरच भरली. कंपनीतर्फे साक्षीला आप्पा. साहेबांचा डाव सरळ होता. पहिल्या दिवसापासून राबणारा हा म्हातारा स्वतःच्या तोंडानं सांगतो की आपण कुणाचे चाकर नाही. मग कालचा हा पोरगा कुठून कामगार झाला?

अपघात कुठं झाला, असं अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, गव्हाणीपाशी. ते माझ्याकडे बघतच राहिले. साहेबांनाच राहवलं नाही. "गव्हाण म्हणजे आमचं पत्र्याचं मशीन," ते म्हणाले, आणि मग त्यांचेच कान लाल झाले.

मग आप्पांची पाळी. "तुम्हाला इथं कुणी हुकूम करतं का?"

उत्तर अख्ख्या कारखान्याला पाठ होतं. साहेब निवांत मागे रेलले. मी मनातल्या मनात वळकटी बांधायला घेतली. आप्पांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"करत्यात," ते म्हणाले.

साहेब पुढे सरकले.

"भोंगा झाला की यायाचं. हितं झाड म्हनलं की हितं, तितं हो म्हनलं की तितं. ह्यो पोरगा तापानं माझ्या वसरीला पडला व्हता, तवा हितला शिपाई आला. आज न्हाई आलास तर परत येऊ नगं, म्हनला. खुशी कशाची, सायेब? मीबी चाकर, ह्योबी चाकर."

"येशबा," साहेब म्हणाले, "हुकूम बैलाला असतो, असं तुम्हीच म्हणता ना?"

"मंग बैल म्हना."

मी कामगार ठरलो. भरपाई मिळाली, नोकरीही राहिली, बाकीचे खुशीवालेही पगारावर आले, आणि सकाळचा तो प्रश्न कायमचा बंद झाला. पाठोपाठ साहेबांचा हुकूम निघाला: बिनपगारी माणूस गेटाच्या आत नको. असा माणूस एकच उरला होता. आप्पांना झाडूवाला म्हणून घ्यायची तयारी साहेबांनी दाखवली, हेही सांगायला हवं. आप्पा म्हणाले, "चाकर एकदा म्हनलो. रोज न्हाई म्हननार."

तेव्हापासून ते दुपारी रस्त्यापलीकडे, कुंपणाकडे तोंड करून भाकरी खातात. संध्याकाळी मला बातम्या विचारतात: चिंचेच्या तुकड्यात काय चाललंय, उकिरडा कसा आहे. परवा मध्येच विचारलं, "हिरीमागं कुनी झाडतं का रं?"

गोदामामागे एक सपाट दगड आहे. आप्पा तिथं एकटे जेवत, कुणाला शेजारी बसू देत नसत. आम्ही म्हणायचो, म्हातारा भाकरी वाटून घ्यायला नको म्हणून लपतो.

"आमची मंडळी डोईवरची पाटी तितं उतरवायची," आप्पा म्हणाले. "ती गेली, मंग रान गेलं. जागा झाडल्याली आसली की बरं वाटतं, येवढंच."

आता दुपारच्या सुट्टीत मी झाडतो. फोरमननं हटकलं, कुणी सांगितलंय तुला? मी म्हणालो, खुशीनं.

एक दिवस मी आप्पांना आत नेईन, मुंडाशासकट, आणि त्या दगडावर बसवून भाकरी खाऊ घालीन. वाटेत उकिरडा लागतो. साहेब असले तर त्यांना रामराम करू. पण नेईन.